एकाच लिव्हरमध्ये दोन आजार: ऑटोइम्यून हेपटायटिस आणि फॅटी लिव्हर. खान्देशातलं कोणी आहे का?

चोपडेकरीण
रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहायचं म्हणत होते. आज पोरं मामाकडे गेलीत, घर शांत आहे, म्हणून बसले.

मी ४३ वर्षांची, चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २०१९ च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचं औषध आणि वर उसाचा रस. मीही तेच केलं. पंधरा दिवसांत डोळे हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि फळ्यावर लिहायला हात वर धरवेना. मग जळगावला तपासण्या झाल्या. ए, बी, सी, ई सगळ्या काविळी निगेटिव्ह. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं ते) ८६०, आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) वाढलेलं, एएनए (शरीर स्वतःवरच उलटल्याची खूण) पॉझिटिव्ह. बायॉप्सीत (सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासतात ती) निदान पक्कं झालं: ऑटोइम्यून हेपटायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींना परकं समजून त्यांच्यावर उठते. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो.

प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) ४० मिलिग्रॅमपासून सुरू झालं, हळूहळू कमी करत ५ वर आलं, जोडीला अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. काही महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल आले. मला वाटलं, सुटले. पण सुरुवातीच्या त्या मोठ्या डोसवर भूक अशी लागायची की रात्री अकराला उठून डब्यातले मुरमुरे-शेव खात बसायचे. वजन ५८ चं ६८ झालं आणि नंतर गोळी कमी झाली तरी वजन काही उतरलं नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर एसजीपीटी पुन्हा ९२. तेव्हा ज्यांना दाखवत होते त्यांनी "जुना आजार उलटला" म्हणून आयजीजी न तपासताच स्टिरॉइड ५ चं २० केलं. तीन महिने घेतलं. एसजीपीटी ८८, म्हणजे जिथल्या तिथे. वजन मात्र ७१ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. साखर कधीच नव्हती मला.

तेव्हा भावाने धरून मुंबईला नेलं. तिथल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सगळे जुने कागद मांडून बघितले, आयजीजी केलं (नॉर्मल), फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा स्कॅन) केला आणि दुसऱ्यांदा बायॉप्सी. जुन्या आजाराची सूज जवळजवळ नव्हती. पेशी चरबीने फुगलेल्या होत्या. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला पोसत होतं, आणि आम्ही ते औषध वाढवत होतो.

एवढं सांगायलाच हा धागा काढलाय. दोन्ही आजार असतील आणि एसजीपीटी वाढलं, तर ते कशामुळे वाढलं हे डॉक्टरांना विचारा. अंदाजाने गोळी वाढवून घेऊ नका, आणि घाबरून बंद तर अजिबात करू नका.

दुसरं म्हणजे, तुम्ही घरात कसं निभावता ते सांगा. लग्नसराई सुरू झालीय, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय. पथ्याचा कागद मुंबईच्या भाषेत लिहिलेला आहे, त्यात ना कळण्याची भाकरी आहे ना बट्टी.

मेहरूण
रविवार, रात्री १०:१५

ताई, वाचून बरं वाटलं, म्हणजे आपण एकटे नाही म्हणून. माझ्या आईला पीबीसी आहे. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. त्यातही शरीरच उलटतं, पण लिव्हरच्या आतल्या बारीक पित्तनलिकांवर. आधी याच आजाराच्या नावात 'सिऱ्होसिस' (लिव्हर व्रणांनी कडक होऊन आकसणं) हा शब्द होता. आईच्या जुन्या फाइलीवर तेच नाव आहे. तो शब्द वाचून आमच्या घरात महिनाभर कोणी धड जेवलं नव्हतं. २०१५ च्या सुमारास जगभर नाव बदललं, कारण हा आजार असलेल्या सगळ्यांना सिऱ्होसिस नसतोच.

आईचं पहिलं लक्षण खाज. पुरळ नाही, काही नाही, तळहात-तळपाय रात्री खाजायचे. दोन वर्षं त्वचेची मलमं लावली. शेवटी अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं आणि एएमए (पीबीसीची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह. आता गेल्या वर्षी सोनोग्राफीत ग्रेड दोन फॅटी लिव्हर. अरसो (पीबीसीची गोळी) चालू आहे. तिची दमणूक कुठल्या आजाराची, हेच कळत नाही. भांडी घासून झाली की भिंतीला टेकून बसते.

चोपडेकरीण
रविवार, रात्री १०:३२

मेहरूण, दमणुकीचं मला पटलं. माझं एसजीपीटी नॉर्मल असतानाही दुपारच्या सुट्टीनंतर चौथीचा वर्ग घेणं म्हणजे डोंगर. घरच्यांना वाटतं रिपोर्ट चांगले तर बाई चांगली. आईला एकदा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. या आजारांच्या जोडीने थायरॉइड बऱ्याच जणींना असतो, मलाही निघाला.

शिरपूरकर
सोमवार, सकाळी ७:०५

ताई, नमस्कार. आमच्या मावशीला फॅटी लिव्हर होतं. तिला गुळवेलीचा काढा सुरू केला, रोज उपाशीपोटी एक कप, खूप फरक पडला. प्रतिकारशक्ती वाढते. नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही. कडुनिंबावर चढलेली वेल हवी असेल तर आमच्या शेतात आहे, पाठवतो.

गोळीकाका
सोमवार, सकाळी ८:५०

मी भुसावळला २६ वर्षं औषधाच्या दुकानात आहे. डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

शिरपूरकर भाऊ, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतंय. पण हा सल्ला या धाग्यावर नको. ताईंची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती चुकीच्या जागी जास्त चालतेय. अझाथायोप्रिन तिला आवरायला दिलेलं आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. करोनाच्या काळात गुळवेल घेतली आणि लिव्हरला इजा झाली, त्यातल्या काहींच्या बायॉप्सीत ऑटोइम्यूनसारखीच चिन्हं होती. पुढे देशातल्या इतर ठिकाणच्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल असं म्हटलं. वाद आहे तो आहे. पण ज्याच्या लिव्हरला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याने हा प्रयोग स्वतःवर का करावा?

आता माझ्या काउंटरवर रोज दिसणाऱ्या गोष्टी.

स्टिरॉइड एकदम बंद करणारे फार लोक येतात. "तोंड सुजलं म्हणून सोडलं." अहो, बरेच दिवस प्रेडनिसोलोन घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब पडतो, उलट्या होतात, जिवावर बेतू शकतं. वर ऑटोइम्यून हेपटायटिस औषध सोडल्यावर बहुतेकांना उलटतो. कमी करायचं ते पायरी-पायरीने आणि डॉक्टर सांगतील तसंच.

अझाथायोप्रिनवर असाल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वेळच्या वेळी. पांढऱ्या पेशी खाली येऊ शकतात. काही जणांच्या शरीरात हे औषध नीट पचत नाही, त्यासाठी सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या तपासण्या असतात. आपल्या भारतीय लोकांत एनयूडीटी१५ चा दोष बऱ्यापैकी आढळतो. आणि एक फार महत्त्वाचं: युरिक ॲसिडसाठी अलोप्युरिनॉल लिहून मिळालं तर आधी सांगा की अझाथायोप्रिन चालू आहे. दोन्ही एकत्र झालं की अझाथायोप्रिनचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. एका गृहस्थांच्या दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर शेजारी शेजारी आल्या म्हणून वाचलं ते.

मेहरूण, अरसोचा डोस वजनावर असतो, किलोमागे साधारण १३ ते १५ मिलिग्रॅम. आईंचं वजन बरंच बदललं असेल तर डॉक्टरांना विचारा. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पूड असेल तर अरसोपासून किमान चार तास लांब, नाहीतर ती अरसो पोटातच बांधून ठेवते.

शिरपूरकर
सोमवार, सकाळी ९:३०

काका, माझं चुकलं. खरंच माहीत नव्हतं. मावशीला आज फोन करतो, काढा थांबवायला सांगतो आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घेतो.

बोदवडकर
सोमवार, दुपारी २:२०

मला फक्त फॅटी लिव्हर आहे, ऑटोइम्यून नाही, पण लिहितो. मी बारीक माणूस. ६२ किलो. शेती करतो, कापूस आणि मका. तरी सोनोग्राफीत चरबी. डॉक्टरांनी टेप आणून पोट मोजलं, ९६ सेंटिमीटर. आपल्या लोकांत पुरुषाचं ९० आणि बाईचं ८० च्या वर गेलं की धोका म्हणतात, वजन काहीही असो.

मग माझ्या चहाचा हिशेब झाला. शेतावर गडी-माणसं आली की चहा, गेली की चहा. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे. सोळा चमचे साखर, म्हणजे जवळपास ८० ग्रॅम. महिन्याला दोन किलोच्या वर साखर मी एकटा पीत होतो! आता तीन कप, बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं. आता गोड चहा तोंडात धरवत नाही.

ताई, केळीचं विचारायचं होतं. मेहुण्याचा रावेरला बाग आहे, घरात घड कायम टांगलेला. बंद करायची का?

चोपडेकरीण
सोमवार, संध्याकाळी ६:४५

भाऊ, मला एक केळं रोज चालतं असं सांगितलंय, जेवणावर नाही तर मधल्या वेळेला. केळीचे वेफर्स मात्र बंद, ते तळणच झालं. शिकरणही नाही. तुम्हाला साखर असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा.

फायब्रोस्कॅन कसा असतो ते बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं. तीन तास उपाशी जायचं. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या मधे गार जेल लावून एक दांडकं टेकवतात आणि ते टिचकी मारल्यासारखा ठोका देतं. दहा-बारा ठोके, दहा मिनिटांत मोकळं. दुखत नाही. दोन आकडे येतात. एक किलोपास्कलमध्ये, लिव्हर किती कडक झालंय त्याचा. दुसरा कॅप, चरबीचा. माझे ७.९ आणि ३१८ होते. डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली: ऑटोइम्यूनची सूज पेटलेली असताना स्कॅन केला तर लिव्हर आहे त्यापेक्षा कडक दिसतं. म्हणून सूज उतरल्यावरचा आकडा खरा. २०१९ मध्ये कोणी माझा स्कॅन केला असता तर तो आकडा बघून आम्ही उगाच धसका घेतला असता.

एएनएचंही तसंच. नुसत्या फॅटी लिव्हरमध्येही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावरून कोणाला ऑटोइम्यूनचा शिक्का मारता येत नाही. म्हणून बायॉप्सीला इतकं घाबरू नका. सुईची जागा बधिर करतात, श्वास रोखायला सांगतात, क्षणात होतं. पुढचे काही तास झोपून राहायचं आणि नर्स सारखी रक्तदाब बघते, तेच कंटाळवाणं.

कळण्याची भाकरी
सोमवार, रात्री ८:१०

मी यावलकडची, ५४ वय, मला हे दोन्ही आहे. सहा वर्षं झाली. मास्तरीणबाई, तुमच्या पथ्याच्या कागदाचं ऐकून वाटलं आपणच लिहावं.

आधी तेल. आहारवाल्या बाईंनी सांगितलं, माणशी महिन्याला अर्धा लिटर. आम्ही चौघं. एक तारखेला दोन लिटरची किटली भरून ओट्यावर ठेवली आणि घरात सांगितलं, आता हीच. पहिल्या महिन्यात ती सतरा तारखेला रिकामी झाली. दुसऱ्या महिन्यात बावीस. आता अठ्ठावीसपर्यंत जाते. पळीने ओतायचं सोडलं, चमच्याने घालते. एवढं केलं तरी फरक दिसतो.

भरीत सोडलेलं नाही. आपली भरताची हिरवी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, त्यांना स्वतःलाच चव असते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय तेलामुळे मिळालं? मिरच्या-लसूण वांग्याबरोबरच भाजून ठेचते. पातीचा कांदा भरपूर, शेंगदाणे मूठभर, आणि चौघांच्या भरताला तीन चमचे तेलाची फोडणी. वर तेल तरंगत नाही एवढंच.

कळण्याची भाकरी उत्तम. ज्वारी आणि अख्खे उडीद, म्हणजे डाळीचं सत्त्व पिठातच आलं. पुरीपेक्षा हजार पटीने बरी. बट्टी वाफवते आणि तळत नाही, वाफवलेलीच कुस्करून वरणात, वर एक चमचा तूप. घरचे म्हणतात बट्टी गिळगिळीत लागते. मग मी चकत्या करून तव्यावर कोरड्या शेकायला लागले, आता कोणी बोलत नाही.

शेवभाजीला मी पर्याय शोधला नाही. शेवभाजी ती शेवभाजीच. दोन महिन्यांतून एकदा, एक वाटी, तर्री बाजूला करून.

आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि रस. एक मांडा, अर्धी वाटी रस, रसात साखर नाही. मे महिन्यातल्या आंब्याला साखर कशाला लागते? दुपारी जेवून लगेच झोपायचं नाही, झोक्यावर पोरींबरोबर बसायचं.

चोपडेकरीण
सोमवार, रात्री ९:००

काकू, तुमची किटली मी उद्याच सुरू करते. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी माझं भरीत बघून म्हणाल्या, "इतलंसं तेल? मंग भरीत का पानीमा करशी?" आज त्याच मला वाढताना हात आखडता घेतात आणि पाहुण्यांना सांगतात, हिला आग्रह करू नका. लग्नात आग्रहाचं जेवण नाकारायला मला कोणीतरी माझ्या बाजूचं लागतंच, आणि ते सासूबाई असतील असं कधी वाटलं नव्हतं.

वजनाचं माझं लिहिते. डॉक्टरांनी सांगितलं, वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ टक्क्यांना सूज उतरायला लागते, १० टक्क्यांपर्यंत गेलं तर व्रणही मऊ होऊ शकतात. ७१ चे ७ टक्के म्हणजे पाच किलो. मला पाच किलो ऐकून धीर आला, नाहीतर मी पुन्हा ५८ व्हायच्या गोष्टी करत होते. उपाशी राहून झटपट उतरवायचं नाही, लिव्हरला ते सोसत नाही. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ. मला ११ महिने लागले. आज ६६. स्टिरॉइड ५ वर आलंय, अझाथायोप्रिन तसंच. एसजीपीटी ४१, एचबीए१सी ६.१, कॅप २६२.

चालणं पहाटे साडेपाचला, कालव्याच्या रस्त्याने, ४० मिनिटं. मे महिन्यात साडेसातनंतर आपल्याकडे बाहेर पडायची सोय नसते, आणि अझाथायोप्रिनवर ऊन तसंही टाळायला सांगतात, त्वचेसाठी. मी पूर्ण बाह्या आणि स्कार्फ सोडत नाही. सोबत खुर्चीतून हात न टेकवता उठायचं-बसायचं, दहा-दहा वेळा. स्टिरॉइडने मांड्यांची ताकद जाते. पहिल्या दिवशी मी चारदाच उठू शकले. हाडांसाठी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व चालू आहे, डेक्सा स्कॅनही झाला. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी घेतल्या. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र या औषधांवर चालत नाहीत, कुठलीही लस घेण्याआधी विचारा.

पारोळ्याची लेक
मंगळवार, रात्री ११:५०

ताई, मी कधी लिहीत नाही. मी २७ वर्षांची. सात महिन्यांपूर्वी ऑटोइम्यून हेपटायटिस निघाला, सोबत फॅटी लिव्हर ग्रेड एक. लग्नाला दीड वर्ष झालं. सासरी म्हणतात या गोळ्यांवर मूल होणार नाही, झालं तर व्यंग असेल, बंद कर. मी पाच दिवसांपासून अझाथायोप्रिन घेतलेलं नाही. प्रेडनिसोलोन घेतेय. कोणाला सांगितलेलं नाही.

चोपडेकरीण
बुधवार, पहाटे ५:१०

बाळा, आत्ताच वाचलं. आधी हे कर: आज दवाखाना उघडला की तुझ्या डॉक्टरांना फोन करून जसं इथे लिहिलंस तसंच सांग. रागावतील या भीतीने थांबू नकोस. प्रेडनिसोलोन चुकवू नकोस.

या आजारातल्या पुष्कळ जणींना मुलं झालीत. माझ्याबरोबर मुंबईत तपासणीला एक नगरची मुलगी होती, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा.

गोळीकाका
बुधवार, सकाळी ८:१५

बेटा, ताई म्हणतात तसंच कर. गरोदरपणात अझाथायोप्रिन साधारणपणे चालू ठेवतात, कारण आजार उलटणं हे आई आणि बाळ दोघांना जास्त धोक्याचं. मायकोफेनोलेट नावाचं दुसरं औषध मात्र गरोदरपणात चालत नाही, ते कोणी दिलं तर आधी सांगायचं. आजार वर्षभर शांत राहिला की मग मूल, असं डॉक्टर सांगतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो पुन्हा उसळू शकतो, म्हणून तेव्हाही तपासण्या सोडायच्या नाहीत. हे सगळं सासरच्यांना तू सांगू नकोस. नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसव, त्यांच्या तोंडून ऐकू दे.

पारोळ्याची लेक
बुधवार, दुपारी १:३०

फोन केला. रागावले नाहीत. आज रक्त दिलं, एलएफटी, सीबीसी, आयजीजी. उद्या गुरुवारी बोलावलंय, हे येतो म्हणालेत. ताई, काय काय घेऊन जाऊ?

चोपडेकरीण
बुधवार, दुपारी १:५५

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा. वजन कधी किती होतं ते एका कागदावर. कुठलं चूर्ण, काढा, कोणी दिलेली पुडी घेतली असेल तर तीही. आणि पहिल्या बायॉप्सीचा रिपोर्ट, तो सगळ्यात महत्त्वाचा. डॉक्टर नवीन असोत की जुने, तो विचारतातच.

पारोळ्याची लेक
बुधवार, रात्री ९:२०

बायॉप्सीचा रिपोर्ट सापडत नव्हता. आत्ता सासूबाईंनीच काढून दिला. कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता.